जप चालू असेपर्यंत

"तोंडमा मूग धरी बठनी का? महादेवनं नाव ली ऱ्हायनी का माशा हाकली ऱ्हायनी, काय समजस नही!"

जमनाबाईंची ही तक्रार रोज पहाटेची, स्वतःचा जप सुरू करायच्या आधीची. सून शांतीबाई खाली मान घालून आवाज वाढवायची. मानमोडीच्या साथीत नवरा गेल्यापासून तिची पहाट अशीच उजाडे: अंगावर घागरभर गार पाणी, ओलं लुगडं, देवघरात सासूच्या शेजारी पाट आणि 'ॐ नमः शिवाय'.

जमनाबाईंनी अनुष्ठान धरलं होतं. एकदा जपाला बसल्या की उठेपर्यंत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. घराला आग लागली असती तरी निघाला नसता. किती झालं, किती राहिलं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. लिहिता येत नव्हतं, आणि कुणाला सांगायची सवय नव्हती.

शांतीचा बाप चुनीलाल तापीपलीकडचा. पोरीला न्यावं, दुसऱ्या घरी तिचा पाट लावून द्यावा म्हणून दोनदा आला आणि हात हलवत परत गेला. घर चालवणारा जमनाबाईंचा दीर प्रेमचंद शांतीला सोडायला तयार नव्हता. फुकटचे राबते हात होते ते. त्याने भावजयीकडून केदारेश्वरासमोर वदवूनच घेतलं होतं, की या तोंडाने मी सुनेला जा म्हणणार नाही. जमनाबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून शांतीला घाटावर पाण्यालाही एकटं धाडत नसत.

आज फैसला होता. पंच हिलाल आबांनी रीत आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. सासूला तीनदा विचारायचं. ती 'नाही' म्हणाली, तर बापाने पुन्हा या दारात यायचं नाही. 'नाही' आलं नाही, तर सून मोकळी. वेळ प्रेमचंदनेच ठरवली. चुनीलालला त्याने बजावलं,

"भाभीना जप उजेड पडाना आत आटपस. या, तिनं 'नही' आयका, नि पहिली नाव धरी परत जा."

उजाडलं. ओसरीवर माणसं येऊन बसली. जप काही थांबेना.

"जमनाबाई," हिलाल आबांनी दारातून विचारलं, "सून बापसंगे जाई ऱ्हायनी. तुमनी हरकत शे का?"

"ॐ नमः शिवाय."

 शांती स्वतःचा जप कधीच विसरली होती. आता सासूचा जप आटपेल, आता ती 'नाही' म्हणेल.

आबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"भाभी, एक शबद बोल ना!" प्रेमचंद उंबऱ्याशी घुटमळत होता. जपाला बसलेल्या बाईला शिवताही येईना. "मान तरी हालाव!"

मान हलली नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तर आवाज आणखी चढला.

"आबा, ती जपमा अडकेल शे. थांबा ना जरासं!"

"येळ तूच धरेल व्हती, भाऊ," म्हणत आबा उठले. "सून मोकळी."

चुनीलाल नाव अडवून धरायला घाटाकडे धावला. प्रेमचंद हात जोडत पंचांच्या मागे गेला. देवघरात दोघीच उरल्या.

मोकळी म्हणाले खरं, पण शांती पाटावरून उठली नाही. सासू आपल्याच अनुष्ठानात सापडली आणि घर हरलं. जप संपला की ही पंचांना हाक मारून माघारी बोलावणार, आणि मग दार कायमचं बंद.

जप थांबला. जमनाबाईंनी मान वळवली.

"मन्हं अनुष्ठान परवदिनच पुरं व्हयनं," त्या म्हणाल्या. "बाजूमा बशीसन तुले ते बी समजनं नही. पक्की येडी शेस तू! दुसरा घरमा तरी डोया उघडा ठेव. नि आते मन्हा तोंडकडे काय देखी ऱ्हायनी? नाव थांबाव नही."