दोनदा झटक

"यंदा पहिला घड भाविका उचलील," मळ्याचे मालक रुपचंद आबांनी सांगितलं आणि केळीच्या घडाला हळदकुंकू लावलं.

कामिनीचा चहाचा कप ओठांपर्यंत आलाच नाही. रावेरजवळच्या या मळ्यात कापणीचा पहिला घड बारा वर्षं तिच्याच डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत गेला होता. मानच होता तो. आणि ही कालची पोर! दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा हिला घड धरताही येत नव्हता. सगळं कामिनीनंच शिकवलं. वाटाण्याएवढा काळा कोळी, पोटावर लाल खूण, तो दिसला की हात लावायचा नाही. पाल्यावर ठेवलेली कापडाची चुंबळ दोनदा झटकायची, मगच डोक्यावर.

आत्ता नेमका तसाच एक कोळी भाविकाच्या चुंबळीच्या घडीत शिरताना कामिनीला दिसला.

झटकेल की ती. शिकवलंय ना? मी कशाला तोंड उघडू!

नारळ फुटला. बायकांनी भाविकाची थट्टा केली, कुणी मोबाईलवर फोटो काढले. लाजत, हसत भाविकानं चुंबळ उचलली आणि न झटकता तशीच डोक्यावर ठेवली. दोघं गडी घड उचलायला वाकले.

कामिनीनं कप खाली ठेवला, धावत जाऊन तिच्या डोक्यावरची चुंबळ ओढली आणि भिरकावून दिली.

"माय व! एवढं जळायचं?" बायकांमधली जमना ओरडली.

"जळते! हो, जळते मी!" कामिनीचा आवाज फाटला. "पण पोरी, आधी ती झटक."

भाविकानं रडवेल्या तोंडानं चुंबळ उचलली आणि टोकाला धरून झटकली. काहीच पडलं नाही. बायका फिसकन हसल्या.

"दोनदा!"

दुसऱ्या झटक्याला काळा कोळी पाल्यावर पडला. पोटावरची लाल खूण सगळ्यांनी पाहिली. घडाजवळच्या रोहिदास गड्यानं काठीनं तो चिरडला.

भाविका कामिनीच्या गळ्यात पडली. "अक्का, तू होतीस म्हणून! कवा दिसला तुले?"

"आत्ताच," कामिनी म्हणाली.

डोळे पुसत भाविकानं मातीवरचा कप उचलून तिच्या हातात दिला. चहावर जाड साय धरली होती.

"थंडगार झाला व अक्का," ती म्हणाली. "किती येळची हातात धरून बसली होतीस?"