चुकांचा आकडा

"तुला हे झेपणारं नाही, बाई!" विभागप्रमुखांनी समितीसमोर तिचा अहवाल टेबलावर आपटला. "दोन इमारतींमध्ये गुप्त निरोपांची लाइन टाकलीस, आणि चुकांचा आकडा रोज चढतोय. उद्यापासून काम बंद!"

कधीकाळी त्यांच्याच वर्गात शिकलेली ती दोन वर्षं असे टोमणे मुकाट गिळत आली होती. आज तिने फक्त एक कागद पुढे सरकवला.

"लाइन बिघडलेली नाही, सर. तिच्यातून प्रकाशाचा एकेक कण जातो. वाटेत कुणी चोरून बघितलं की कण बदलतो आणि चुका वाढतात. चोर पकडायलाच तर ती टाकलीय."

"मग पकड की चोर!" समितीकडे बघत ते खो-खो हसले.

"मागच्या महिन्यात तुम्ही दहा दिवस रजेवर होतात. तेवढेच दहा दिवस आकडा जागचा हलला नाही. आणि लाइन जाते तुमच्या केबिनमधल्या कुलूपबंद कपाटातून."

त्यांचं हसू ओठांवरच सुकलं. "मी... मी नुसतं बघत होतो! कशाला हातसुद्धा लावला नाही!"

ती शांतपणे उठली. "पहिल्याच तासाला तुम्हीच शिकवलं होतंत, सर. नुसतं बघणं असं काही नसतंच."