पोत्यातला खडा

आणखी एक अंडं ट्रेमध्ये ठेवता ठेवता तडकलं, तसं यमुनाबाईंनी ते वैतागून बाजूला काढलं. उन्हाळ्यात कवच पातळ होतंय म्हणून डॉक्टरांनी कोंबड्यांच्या खाद्यात खनिज मातीची पावडर मिसळायला सांगितली होती. खाद्य घालायचं काम सुनेचं, प्रणालीचं. मग अंडी अजून का फुटत होती? पोरगी पावडर नीट मिसळत तरी होती का?

त्या शेडच्या जाळीआड जाऊन उभ्या राहिल्या. प्रणालीनं पावडर खाद्यात व्यवस्थित कालवली. मग इकडेतिकडे बघत त्याच मातीच्या पोत्यातला एक खडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

यमुनाबाईंना लगेच कळलं. मुलाच्या वेळी पोटुशी असताना त्यांनीही चुलीची माती अशीच चोरून खाल्ली होती.

"थुंक आधी ते! कोंबड्यांचं आहे ते!" त्या धावल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कितवा महिना?"

"तिसरा लागलाय. कुणाला सांगू नका, आई. मागच्या दोन्ही वेळी आपण लगेच सगळ्यांना सांगितलं, आणि..." उगाच काहीतरी करायचं म्हणून ती खाद्याची भरलेली बादली उचलायला वाकली.

यमुनाबाईंनी बादली हिसकावून घेतली.

"आई, कंबर धरलीय ना तुझी?" दारातून मुलगा ओरडला. "तिला उचलू दे की!"

"तिला काही जमत नाही," यमुनाबाई खेकसल्या. "अंडी फुटतात ती हिच्यामुळेच. उद्यापासून हिनं शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकायचं नाही!"