ओंगण

जयवंतानं स्केटचं चाक बोटानं फिरवलं. चाकानं दीड गरका घेतला आणि ते थांबलं.

तिनं दुसरं फिरवलं. तेही तसंच. काल आर्वीत हीच चाकं मिनिटभर भिरभिरत होती. तिनं बोट नाकाशी नेलं. एरंडेल तेल आणि काजळी. घरच्या बैलगाडीच्या आसाला घालायचं ओंगण.

स्केटिंगची शर्यत सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती. साल अठ्ठ्याहत्तर, मे महिना, नागपुरातलं सिमेंटचं मैदान. हजार मीटरमध्ये पहिल्या दोन येणाऱ्या मुली दिल्लीला जाणार होत्या. वर्धा जिल्ह्यात तीन वर्षं जयवंताच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. ती आर्वीच्या एका जिनिंग कारखान्याच्या अंगणात शिकली होती. कापसाचा हंगाम सरला की ते सिमेंटचं अंगण मोकळं व्हायचं, आणि दिवाळीनंतर पहिली गाडी रिकामी झाली की तिचा सराव बंद पडायचा. स्केट शाळेचे होते. चाकात कापसाचा तंतू अडकला तर ती सुईनं काढायची. तेल शिवणयंत्राचं, एकेका चाकाला एकेकच थेंब.

दहा पावलांवर पायऱ्यांवर तिचे वडील बसले होते. कवडू गाडीवान. त्याच जिनिंगमध्ये ते कापूस आणून टाकायचे. कोरड्या चाकानं ते कधी परगावी निघाले नाहीत. गाडीखाली ओंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असायचा, आणि जू चढवण्याआधी दोन्ही चाकांना ओंगण मिळायचं. आज पोरगी परगावी निघाली होती. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी आठही चाकं ओंगणानं भरली असणार. पोटभर. आता ते नवी टोपी घालून मैदानावरच्या रंगीत पताकांकडं पाहत होते.

मधुकरराव सर आले. तेच तिला शिकवत. त्यांनी चाकाला हात लावला आणि काळं झालेलं बोट तिच्यासमोर धरलं. हे रॉकेलमध्ये धुवायला अर्धा तास पाहिजे, ते म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाचं काम आहे हे?"

सरांची जीभ सगळ्या शाळेला ठाऊक होती. चार माणसांत ते कोणालाही उभं सोलायचे. जयवंतानं एकदा टोपीकडं पाहिलं.

"मीच लावलं सर," ती म्हणाली. "जोरात पळतीन वाटलं."

ती चौथी आली. अखेरच्या फेरीत चाकं चिखलातून चालावी तशी चालत होती. आपलं चाक ज्या मुलीला कळत नाही तिच्यावर वेळ घालवणार नाही, असं सर म्हणाले. शाळा उघडली तेव्हा ते स्केट दुसऱ्या मुलीच्या पायात होते.

परतीच्या एसटीत वडिलांनी विचारलं, काय झालं. पाय भरून आले, तिनं सांगितलं. तळेगावला गाडी थांबली तेव्हा ते उतरले आणि नळावर हात धुवत बसले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी ते धूतच होते.

पुढं तिचं लग्न झालं. ती कारंजाला गेली. पोळ्याला माहेरी यायची. दर खेपेला वडिलांची गाडी जास्त कुरकुरत असायची. शेजारचे डोमाजी म्हणायचे, कवडूची गाडी वेशीत शिरली की आमच्या घरी चहाचं आंधण चढते, घड्याळाचं कामच नाई. लोक हसायचे. वडीलही हसायचे. दोनदा आस झिजून बदलावा लागला. बैलांना जड जाऊ नये म्हणून ते गाडीत कापूस कमी भरू लागले. म्हातारा आळसावला, असं आई म्हणायची. जयवंतालाही तसंच वाटायचं.

शहाऐंशीच्या पोळ्याला तिनं ठरवलं, आज आपणच गाडीला ओंगण द्यायचं. गाडीखालचा नळा तिनं सोडला. त्याचं तोंड कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं. माती फोडली तर आत ओंगणाची वाळलेली खपली निघाली. तिनं काडीनं नळा साफ केला. आईकडून एरंडेल मागून आणलं. चुलीवरच्या तव्याची काजळी खरवडली, तेलात कालवली. मग चाकापाशी बसली.

वडील बैलांची शिंगं रंगवत होते. हातातला रंगाचा बोळा तसाच ठेवून ते आले आणि तिचं मनगट धरलं. त्यांच्या बोटांचा लाल रंग तिच्या हाताला लागला.

"राहू दे."

"काऊन बाबा? बैलाईले किती जड जाते."

ते खाली बसले. त्यांनी तिच्या हातातला नळा घेतला आणि पलीकडं ठेवून दिला.

"नागपुरात मी पायरीवरून पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "दीडच गरका फिरलं होतं माय, तुह्यं चाक."