तीन टेबलं, एक वायर

ती जिने उतरून आली तेव्हा पार्किंगमध्ये तीन टेबलं मांडून झाली होती. एकामागे लाल टी-शर्टवाला, दुसऱ्यामागे निळा, तिसऱ्यामागे पिवळा. टेबलांना फुगे बांधलेले. इमारतीतली माणसं भाजी निवडावी तशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. घरच्या इंटरनेटसाठी कुठली कंपनी बरी, ते ज्याने त्याने आज बघून ठरवायचं होतं. ही सोय सोसायटीच्या सेक्रेटरींनी केली होती. पाठीमागे सगळे त्यांना नियमभाऊ म्हणत.

तिला फुगे दिसतही नव्हते. अडखळत बोलणाऱ्या मुलांना ती घरून, व्हिडिओवर, बोलायला शिकवायची. आत्ता, थोड्याच वेळापूर्वी, एका मुलीने स्वतःचं नाव एका दमात म्हटलं होतं. शाळेत हजेरीला जे कधीच ओठांबाहेर पडलं नव्हतं, ते नाव. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवरचं चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा मुलगी डोळे मोठे करून विचारत होती, "ऐ... ऐकलंत ना, टीचर?"

तिला खोटं बोलवेना. "परत म्हण ना, बाळा."

परत ते नाव आलं नाही.

ती सरळ लाल टेबलापाशी गेली. "वायर कुठून आणणार तुम्ही?"

"वायरची काळजीच नको, मॅडम. ती आहेच. जिन्याखालच्या पेटीतून येते."

"आमचा स्पीड यांच्या दुप्पट," निळा मधेच म्हणाला.

"आणि तुमची वायर?"

"ती पण..." त्याने जिन्याकडे हात केला.

ती पिवळ्याकडे वळली. तिने विचारण्याआधीच तो म्हणाला, "आमची सर्व्हिस वेगळी आहे, मॅडम."

"बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "एकच माणूस येतो," पिवळा हळूच म्हणाला. "तिघांचाही तोच."

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा निळ्या टेबलावरचा पेढ्याएवढा मोफत कीचेन खिशात टाकत होते. त्यांचा हात तिथेच थांबला. "म्हणजे मी लाल सोडून निळं घेतलं, ते काय नुसता रंग बदलला? अहो, माझी नात परदेशातून बोलते. हसता हसता गोठते. मग मीही आपला तसाच दात काढून बसतो, ती हलेपर्यंत."

दोघेतिघे हसले. त्यांच्याही घरी तेच चाललं होतं.

एवढ्यात सेक्रेटरी आले. मागून त्यांच्या पत्नी टेबलवाल्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन. "काय वहिनी, झालं का ठरवून? तीन-तीन पर्याय दारात आणून ठेवलेत. आता निवड तुमची."

"निवड? नळ तीन आणि टाकी एकच. त्यातून काय निवडू?"

"उगाच तापू नका. इंटरनेट म्हटलं की थोडं मागेपुढे व्हायचंच. सगळीकडे तीच रड आहे."

"सगळीकडे नाही. समोरच्या इमारतीतल्या शिंप्याच्या दुकानात बसून शिकवलंय मी. शेजारी मशीन धडधडत होतं, पण स्क्रीनवरचं मूल एकदाही गोठलं नाही. त्यांच्याकडे जी कंपनी आहे ती आज इथे का नाही?"

"ते लोक भिंतींना भोकं पाडतात. कमिटीने परवानगी नाकारली. नियम म्हणजे नियम."

"कमिटीत तर मीही आहे," आजोबा म्हणाले. "मला कधी विचारलंत?"

सेक्रेटरींनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "तुम्ही चहा घ्या, आजोबा."

मुलांपुढे ती कधी आवाज चढवत नसे. आता तो चढला, आणि तिने तो चढू दिला. "एक पोरगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव धड म्हणते, आणि ज्या बाईने ते ऐकायला हवं तिलाच ते ऐकू येत नाही! तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिचं काय चुकलं, सांगा ना! आणि तुम्हाला भिंतीची पडलीय?"

पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. ती तरातरा जिन्याखाली गेली. पेटीला भलंमोठं कुलूप होतं. "याची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. सुरक्षितता म्हणून."

"आणि पेटी कुणाची?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पेटी म्हणजे... तसं बघायला गेलं तर..."

माणसं टेबलं सोडून जिन्यापाशी आली. लाल, निळा, पिवळाही येऊन उभे राहिले. कुणी चहाला हात लावला नव्हता.

"म्हणजे असं आहे की... ही जी पेटी आहे ती माझ्या... आमच्या घरातल्याच एका..." ते थांबले. त्यांनी बायकोकडे बघितलं.

ट्रे कठड्यावर ठेवून त्या लगबगीने पुढे आल्या. "अहो, यांना म्हणायचंय की..."

"थांबा, वहिनी." तिने हात वर केला. आवाज पुन्हा खाली आला होता, तिच्या रोजच्या पट्टीत. एक खुर्ची ओढून ती सेक्रेटरींच्या समोर बसली, त्यांच्या तोंडाकडे नीट बघत.

"त्यांचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. बोला भाऊ, सावकाश बोला. आम्ही थांबलोय."