तिसऱ्या बेससाठी तीन नावं

मोसम संपला आणि त्याबरोबर लॉइडचा गुडघाही. बारा वर्षं बेसबॉल संघाचा तिसरा बेस सांभाळलेल्या माणसाला 'आता बस' असं कोणत्या तोंडाने सांगायचं, हे कोच हॉलिसला नाताळ उलटला तरी सुचत नव्हतं. त्या जागेसाठी त्याच्या कागदावर तीन नावं होती. पहिला परवडणारा नव्हता, दुसरा लॉइडइतकाच थकलेला. उरला सलायना गावचा टोबायस. बर्फातून गाडी हाकत हॉलिस त्याला बघायला गेला.

मक्याच्या रिकाम्या कोठारात सराव चालला होता. दाराकडे पाठ करून कानटोपीवाला कुणीतरी जीव खाऊन चेंडू हाणत होता, आणि पापणी लवायच्या आत अंगावर येणारा प्रत्येक चेंडू टोबायस टिपत होता. एक तर त्याने आडवं झेपावून ग्लोव्ह नसलेल्या हाताने धरला. तीस वर्षांत हॉलिसने असं काही पाहिलं नव्हतं. नकळत त्याने टोपी काढली.

"कुणी शिकवलं रे हे तुला?"

टोबायसने बॅटवाल्याकडे बोट केलं. तो वळला. लॉइड होता.

हॉलिस दोन पावलं पुढे आला. "तुला... कुणी सांगितलं?"

"गुडघा माझाच आहे ना, कोच." लॉइडने कपाळावरचा घाम पुसला. "तुम्हाला मीच बोलावणार होतो. पण डावीकडे जाताना हा पोरगा पाय अजून उशिरा उचलतो. आणखी पंधरा दिवस द्या."