अंजिराचा जामीन

"धरतंस का तोडू?" बुधाजीने कुऱ्हाड उगारली आणि परसातल्या अंजिराच्या झाडाला खडसावून विचारलं. झाड बहिरं असावं, असा त्याचा आवाज लागला होता.

कुंपणापलीकडे काळूराम राखुंडीने दात घासत होता. त्याचा हात तोंडातच थांबला.

फळ न धरणाऱ्या झाडाला असा धाक घालायची त्यांच्या गावची रीत होती. एकाने कुऱ्हाड उगारायची. दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, "राहू दे, पुढल्या सालाला धरंल, मी जामीन." पण दुसरा माणूस हवाच. कोणी मध्ये पडलं नाही, तर उगारलेली कुऱ्हाड तशीच परत न्यायची नाही, झाड तोडायचंच. बुधाजीच्या शेवग्याला, फणसाला त्याची बायको सगुणा जामीन राहायची. सगुणा मागच्या पावसाळ्यात गेली. आता त्या घरात बुधाजी एकटा होता.

काळूराम त्याचा सख्खा धाकटा भाऊ. पण दोन वर्षांमागे खाडीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी अडवायची झडप, कोणीतरी उघडी टाकली, खारं पाणी दोघांच्या भातात शिरलं, आणि तू की मी करता करता बोलणंच तुटलं. सगुणाला खांदा देतानासुद्धा भाऊ भावाशी बोलला नाही. आधी त्याने बोलावं, असं दोघांनीही ठरवलेलं. अडेलतट्टूपणात दोघे एका आईचे शोभत होते.

पण त्या झाडावर काळूरामचा जीव होता. गावाला अंजीर ठाऊक होतं ते मुंबईच्या आगबोटीतून येणारं, सुकं, माळेत ओवलेलं, तेही बाळंतिणीपुरतं. बुधाजीने मीठ न्यायला आलेल्या घाटावरच्या गाडीवानाकडून फांदी मिळवली आणि मिठागराला लागून असलेल्या आपल्या परसात लावली. गाव पोट धरून हसलं. त्याने छातीभर खड्डा खणला, तळाशी कौलांचे तुकडे अंथरले, डोंगरातली गोडी माती डोक्यावरून आणली, मासळीचं खत घातलं. खाऱ्या वाऱ्याला गोणपाटाचा आडोसा केला. चौथं वर्ष लागलं तरी फळ कोणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. यंदा तर बुधाजीने आडोसा नेमका काळूरामच्या अंगाला वाढवला. आपली नजर लागेल म्हणून केलं, असं वाटून काळूराम खट्टू झाला होता. तरी गोणपाटावरून डोकावणारी ती पंज्यासारखी हिरवीगार पानं पाहिली की तो मनात म्हणायचा, माणूस आडमुठा, पण हाताला काय गुण आहे! या जमिनीत असं झाड दुसऱ्या कोणाच्या बापाला जमलं नसतं.

"इचारतोय मी! धरतंस का तोडू?"

काळूरामची बायको ठमी दारात आली. ती नवऱ्याकडे बघत राहिली. काळूरामने मान फिरवली. पलीकडे कुऱ्हाड आणखी वर गेली.

"तोडू नको, दादा!" काळूराम कुंपण मोडूनच आत शिरला. तोंडभर राखुंडी, डोळ्यांत पाणी. "धरंल! पुढल्या सालाला धरंल! मी हाय जामीन!"

बुधाजीने कुऱ्हाड खाली ठेवली. मग सावकाश गोणपाट बाजूला सारलं.

खालच्या फांद्या अंजिरांनी लगडल्या होत्या. जांभळी, टंच, काही तर पिकून उललेली. बुधाजीने त्यातलं एक अलगद खुडलं.

"आधी तोंड धू," तो म्हणाला.

काळूरामने हंड्यातलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरली आणि अख्खं अंजीर तोंडात टाकलं. इतकं गोड त्याने जन्मात काही खाल्लं नव्हतं. बोटं चाटता चाटता तो थबकला.

"दादा, ह्ये तर धरलंय! मंग धाक कोनाला घालत व्हतास?"

"जो बोलला त्याला," बुधाजी म्हणाला.